शटरच्या बाहेर, उन्हात

तिसऱ्या दिवशीसुद्धा काकाचं नाव काळोखात गेलं.

प्रयोगाचं शेवटचं वाक्य एवढंसंच होतं. 'माझं नाव बार्थेलेमी रुमियू.' ते म्हणायला काका पुढे आला, खरबुजाच्या रिकाम्या खोक्यावर चढला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाला, "माझं नाव बा... बा..." आणि जीभ बसली. गाढव पुलाच्या मधोमध बसावं तशी बसली. दारावरचा लाल दिवा मघाच लागला होता. लाल दिवा म्हणजे आवरा. झेली प्रेक्षकांच्या मागे लाईटच्या टेबलाशी बसून दोन्ही मुठी मांडीवर दाबत होती. "बा... बा..." आणि खट्! तिकीट खिडकीतून थिएटरची मालकीण मादाम एस्कालिए हिने मेन स्विच पाडला.

काळोख. मग टाळ्या.

झेलीला जास्त राग टाळ्यांचा आला. सातआठ तर माणसं होती, आणि सगळ्यांना वाटलं हा शेवट असाच बसवलाय. बाहेर पडताना मोत्यांची माळ घातलेली एक बाई नवऱ्याला सांगत होती, "बघितलंस? शेवटपर्यंत नाव सांगितलंच नाही त्याने! किती खोल आहे!"

"खोल बिल काही नाहीये," झेली म्हणाली. "लाईट घालवली."

बाई गोड हसली. तिला वाटलं हाही प्रयोगातलाच डायलॉग.

तेवढ्यात पुढच्या नाटकाची चार पोरं लाल सोफा घेऊन आत घुसलीच. सगळ्यांच्या डोक्यावर बायकांच्या सोनेरी केसांचे टोप. त्यांचा म्होरक्या लुबँ, तो सोफ्याचं एक टोक धरून ओरडला, "चला चला, मशीनगन आजोबा, उतरा! आमचे लोक बाहेर उन्हात भाजताहेत!"

"आजोबा कोणाला म्हणतोस रे, टोपवाल्या?" झेली म्हणाली.

"बरं, आजोबा नाही. मशीनगन चालेल?"

झेलीने हातातलं खोकं खाली ठेवलं. म्हणजे आता ती ते फेकणार होती. काकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि नुसती मान हलवली. काका एकट्या तिच्यापुढे बडबडतो, पण चार माणसं आली की मानेनेच बोलतो.

मशीनगन हे नाव लुबँने शोधलेलं नव्हतं. ते बाजारातलं होतं. शहराच्या कोटाबाहेर फळांचा घाऊक बाजार आहे, तिथे काका वीस वर्षं पहाटेपासून खोकी उतरवतो. जर्दाळू, पीच, खरबुजं. तिथे त्याला कोणीतरी पहिल्याच आठवड्यात मशीनगन म्हणालं आणि तो 'ओ' देत राहिला. का, तर स्वतःचं नाव सांगण्यापेक्षा ते सोपं. बाकी सगळे शब्द त्याचे थोडेफार अडतात आणि सुटतात, पण स्वतःचं नाव म्हणजे भिंत. 'ब' आला की संपलं. आयुष्यभर त्याने बगेत, म्हणजे सगळे रोज खातात तो लांब पाव, मागितला नाही, कारण बगेतमध्ये 'ब'. बेकरीत जाऊन तो बारीकवाला पाव मागतो, फिसेल. फिसेल त्याला आवडतसुद्धा नाही.

हे सगळं त्याने एकदा झेलीला स्वयंपाकघरात सांगितलं होतं, भांडी घासता घासता. शाळेतली हजेरी, तिथे शेजारचा पोरगा त्याच्या वतीने ओरडायचा. टेलिफोन, तो उचलून ठेवून द्यायचा. बाजारातला लाऊडस्पीकर, त्यावर प्रत्येकाने आपलं नाव पुकारून माल सोडायचा असतो, आणि त्याचं नाव वीस वर्षं दुसरंच कोणीतरी पुकारत आलंय. झेली हसून हसून गडबडा लोळली आणि मग एकदम उठून बसली. म्हणाली, "काका, हे स्टेजवर कर."

"वे—वेडी आहेस का?"

"हो. मग?"

मार्चमध्ये तिने शाळा सोडली होती. बाईंनी सांगितलं बस, ती उठली. बाई म्हणाल्या बस नाहीतर बाहेर जा, ती बाहेर गेली आणि परत गेलीच नाही. आईने महिनाभर डोकं धरलं. त्यामुळे तिच्याकडे वेळ होता, आणि काकाकडे दुपारी बारानंतर वेळच वेळ. दोघांनी स्वयंपाकघरात सराव केला. लाईट म्हणजे टेबललॅम्प. झेली मोबाईलवर वेळ लावायची, आणि प्रयोग बरोबर ठरल्या वेळात बसायचा. बसणारच. तिच्यापुढे काका अडकतच नाही फारसा. नाव तर त्यांनी सरावात म्हटलंच नव्हतं. काका म्हणाला होता, "ते तिथे. एकदाच काय ते."

मग त्यांनी पिस्टन नावाच्या थिएटरमधली सगळ्यात छोटी वेळ घेतली, सकाळची. बाजारातलं काम त्या महिन्यापुरतं दुसऱ्याच्या गळ्यात. जुलैत गावात नाट्यमहोत्सव भरतो, तेव्हा कोटाच्या आत प्रत्येक गॅरेज, प्रत्येक तळघर, शाळेची जिमसुद्धा थिएटर होते. पिस्टन खरंच गाड्यांचं गॅरेज होतं, अजूनही पाऊस आला की आत तेलाचा वास सुटतो. तिथे सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत एकामागून एक आठ नाटकं लागतात. आणि ह्या दोघांच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही, की स्वयंपाकघरात समोर माणसं नव्हती.

पहिल्या दिवशी माणसं होती. काका सुरुवातीपासूनच अडखळला. लोकांना आवडलं, हसले, रुमाल काढले, पण घड्याळाला कुठे आवडतंय? शेवटी खोक्यावर चढला तेव्हा लाल दिवा जळत होता. "माझं नाव बा..." आणि काळोख पडला. मग झेली मागून ओरडली. राहवलं नाही तिला. "बार्थेलेमी! बार्थेलेमी रुमियू!"

टाळ्या झाल्या. काका त्या दिवशी तिच्याशी एक शब्द बोलला नाही. घरी जाताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसला. जेवताना बशी पुढे सरकवायची तर बोटाने दाखवली. शेवटी झोपायच्या आधी दारात उभा राहून म्हणाला, "तू—तूसुद्धा?"

एवढंच. झेलीला आईच्या सगळ्या शिव्या मिळून एवढ्या लागल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिने वेळ वाचवायला टेलिफोनचा प्रसंग काढून टाकला. त्याने आणखी घोळ झाला. प्रसंग काढलाय हे आठवून काका घाई करायला लागला, आणि घाई केली की त्याची जीभ आणखी अडते. जेवढं कापावं तेवढा उशीर. आणि आज तिसरा दिवस.

खोकी पडद्यामागे लावून झेली सरळ तिकीट खिडकीशी गेली.

मादाम एस्कालिए पत्रकाने वारा घेत होती. ह्या दिवसांत गावात पंखा कोणी विकत घेत नाही, रस्त्यावर चार पावलं चाललं की हातात डझनभर पत्रकं जमा होतात.

"चार मिनिटं द्या," झेली म्हणाली.

"बोंजूर, मादाम, असं आधी म्हणतात."

"बोंजूर, मादाम. चार मिनिटं द्या."

"पोरी, मी तुझ्या काकाला चार मिनिटं दिली की टोपवाले चार मिनिटं उशिरा, त्यांच्या मागचे आठ मिनिटं. रात्रीचं नाटक बाराच्या पलीकडे जातं आणि वरचा दातांचा डॉक्टर पायजम्यात खाली येतो. दरवर्षी येतो. त्याचा पायजमा मला आता पाठ झालाय."

"त्याला एक वाक्य पूर्ण करायचंय हो! एक!"

"मग त्याला लवकर बोलायला सांग."

झेली खिडकीवर आणखी वाकली. "तुम्ही तुमच्या बुटक्या नवऱ्याला उंच व्हायला सांगता का?"

मादामचा हात थांबला. खिडकीच्या आतल्या बाजूला मादामचा नवरा स्टुलावर बसून दिव्यांच्या वायरी गुंडाळत होता. तो खरंच बुटका होता. तो गालातल्या गालात हसला आणि वायरीत तोंड खुपसलं.

"ऐक," मादाम आवाज खाली आणून म्हणाली. बाई वाईट नव्हती, हे झेलीलाही माहीत होतं, म्हणून तर जास्त राग येत होता. "नाव आधी रेकॉर्ड करा. घरी, आरामात. शेवटी तू ते वाजव. काका नुसता उभा राहील, वरून आवाज येईल. किती छान दिसेल! किंवा तूच म्हण माईकवरून. लोक रडतील."

काका मागे येऊन उभा होता. कधी आला कळलं नाही. त्याने दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले.

"मा—मादाम. अख्खा प्र—प्रयोग कशावर आहे?"

मादामने पत्रक खाली ठेवलं.

"दु—दुसऱ्यांनी माझं ना—नाव..." तो थांबला. वाक्य मध्येच लोंबकळत राहिलं. मादामच्या ओठांवर पुढचा शब्द आला होता, झेलीला तो दिसला. पण मादामने तो गिळला. काकाने वाक्य सोडून दिलं आणि निघाला.

"उद्या वेळेत संपलं नाही," मादाम मागून म्हणाली, ती झेलीलाच, "तर परवापासून ही वेळ मी दुसऱ्याला देणार. रांगेत लोक आहेत माझ्याकडे. मला आवडत नाही असं बोलायला."

"मग बोलू नका ना!"

दुपारी दोघं पत्रकं वाटायला निघाली. म्हणजे वाटायची झेलीनेच. काका पोस्टर बांधत मागून यायचा. इथे पोस्टर चिकटवायचं नसतं, पुठ्ठ्याला लावून सुतळीने बांधायचं. खांबाला, नळाच्या पाईपला, खिडकीच्या गजांना, जिथे जागा मिळेल तिथे. दुसऱ्याची सुतळी मात्र कापायची नाही, त्यावरून इथे मारामाऱ्या होतात. वारा सुटला की अख्खा गाव फडफडतो. काकाच्या गाठी बाजारातल्या, ट्रकवर ताडपत्री आवळायच्या. त्याचं पोस्टर कधी उडालं नाही. पुठ्ठ्यावर खोक्यावर उभा काका, वर मोठ्या अक्षरांत 'नाव सांगा', आणि खाली त्याचं नाव ठसठशीत छापलेलं. सगळ्या गावाला ते वाचता येत होतं, एकट्या काकाला म्हणता येत नव्हतं.

"शाळा सोडलेली पोरगी आणि तोतरा माणूस," काका गाठ मारताना म्हणाला. दोघंच होती, त्यामुळे सरळ म्हणाला. "आपण काय म्हणून इथे आलो गं?"

"कारण इथे कोणी आपल्याला बोलावलं नव्हतं," झेली म्हणाली.

काका हसला. तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "अरे! मशीनगन! भिंतीवर लटकलाय की हा!"

बाजारातला ऑनोरे होता. माल उचलायची गाडी चालवतो तो, पोट पुढे आणि तोंड त्याच्याही पुढे. बरोबर दोन हमाल, तिघांच्या हातात पुदिन्याच्या सरबताचे ग्लास. ऑनोरेने झेलीच्या हातातून पत्रक ओढून घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागला.

"'एक माणूस, एक वाक्य.' अरे बापरे, मशीनगनचं एक वाक्य! मग तर रात्रीपर्यंत चालत असेल!"

हमाल खिदळले. झेलीने पत्रक परत ओढलं. "यायचं नसेल तर कागद फुकट घालवू नका."

"कोण म्हणतं यायचं नाही? उद्या येतो. पहिल्या रांगेत बसतो. हे दोघे पण येतील. काय रे मशीनगन, बसू ना?"

काका सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. मान हलवली, हो म्हणून.

परत बसमध्ये बसल्यावर झेलीने विचारलं, "आता काय करायचं?"

"प्र—प्रयोग," काका म्हणाला. तिच्यापुढे अडकला, म्हणजे फार घाबरला होता.

झेलीला त्या रात्री झोप आली नाही. पण ती पडून एकाच गोष्टीचा विचार करत होती. पडद्यामागे खोकी लावताना रोज तिचं कोपर एका गार लोखंडाला घासायचं. स्टेजच्या मागे भिंतभर काळा पडदा, आणि पडद्यामागे गॅरेजचं शटर. त्याच्या कडेला साखळी. जूनच्या शेवटी मोठमोठं सामान आत घ्यायला ते उघडतात, मग पडदा टाकला की सगळा महिना कोणाला आठवणही राहत नाही. साखळीला ग्रीस होतं. तिच्या बाहीला डाग पडला होता.

तिने काकाला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, आणि मग तिला त्याचं ऐकावं लागलं असतं.

सकाळी तिघे खरंच पहिल्या रांगेत होते. बाजारातून सरळ आलेले, रबरी बूट घालूनच, जर्दाळूंचा वास घेऊन. मागे आणखी दहाबारा माणसं. काका आत आला, तिघांकडे बघितलं आणि पहिल्याच वाक्याला असा अडकला की झेलीला वाटलं आता इथेच संपतंय. पण सुटला. शाळेची हजेरी झाली. बेकरी झाली, फिसेलवर सगळे हसले. ऑनोरे तर मांडीवर थाप मारून हसला. मग लाऊडस्पीकर आला. काका रिकाम्या पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बाजारातल्या सगळ्यांची नावं पुकारतो, दणादण, एकही न अडता, दुसऱ्यांची नावं त्याला कधीच अडत नाहीत. त्यात ऑनोरेचंही नाव होतं. ते आलं आणि ऑनोरे हसायचा थांबला. हाताची घडी घातली. मग सोडली. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

लाल दिवा लागला. काका अजून खोक्यापर्यंतही पोचला नव्हता.

झेली टेबलामागून उठली, भिंतीच्या कडेने, काळ्या पडद्याच्या आतून सरकत स्टेजच्या मागे गेली. अंधारात साखळी चाचपली. पडद्याच्या फटीतून काकाची पाठ दिसत होती, शर्ट घामाने चिकटलेला.

काका खोक्यावर चढला. "माझं नाव," श्वास, "बा..."

खट्.

"बा..." काळोखात त्याचा आवाज आला. आज तो थांबला नाही. "बा... बा..."

कोणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली, आणि झेलीने साखळी ओढली.

काय आवाज झाला तो! अख्खं गॅरेज खडखडलं. खालून उन्हाची एक पट्टी आली, मग गुडघाभर, मग कंबरभर. झेलीने एका हाताने पडदा खेचून पाडला आणि दुसऱ्याने ओढतच राहिली, ग्रीस कोपरापर्यंत आलं. शटर वर गेलं. जुलैमधलं सकाळचं ऊन, नागडं, सगळं पांढरं करून टाकणारं, ते एकदम आत घुसलं. आतले लोक डोळ्यांवर हात धरून उठले. बाहेर गल्ली होती, अरुंद, आणि समोरच्या फुटपाथवर सावली धरून टोपवाल्यांच्या नाटकाची रांग उभी होती, टोकापासून टोकापर्यंत, तोंडं बरोबर इकडे. हातात आईस्क्रीम, हातात पत्रकं, कडेवर पोरं.

"कोणी उघडलं ते?" तिकीट खिडकीकडून मादाम धावत आली. "बंद कर! झेली! बंद कर आधी!"

"लाईट तुमची आहे," झेली ओरडली. "ऊन तुमचं नाही!"

काका खोक्यावर उभा होता. त्याने मागे वळून बघितलं, ऊन बघितलं, रांग बघितली, मग झेलीकडे बघितलं. ग्रीसने माखलेली, साखळी धरून उभी. तो खोक्यावरून उतरला. झेलीला वाटलं, झालं, आता हा निघाला. पण त्याने खोकं उचललं, चार पावलं चालत जाऊन बरोबर शटरच्या रेषेबाहेर, उन्हात ठेवलं आणि परत चढला.

"माझं नाव बा..."

रांग गप्प झाली. आतले लोक स्टेजवरून चालत त्याच्या मागे येऊन उभे राहिले, पुढे ऑनोरे आणि त्याचे बूट. झाडांवर किडे कर्कश ओरडत होते. लांब कुठल्यातरी मिरवणुकीचा ढोल वाजत होता.

"बा..." काकाच्या मानेची शीर फुगली. डोळे मिटले. ओठ एकमेकांवर घट्ट बसले आणि सुटेनात.

रांगेतल्या चष्मेवाल्या माणसाच्या हातात पत्रक होतं. त्याने वाचलं, दया आली त्याला, आणि तो प्रेमाने म्हणाला, "बार्थे—"

"गप्प!" झेली किंचाळली. वरच्या खिडकीतली कबुतरं उडाली. "कोणीही सांगायचं नाही! त्याचं आहे ते!"

चष्मेवाला आईस्क्रीमसारखा वितळला. वर दातांच्या डॉक्टरची खिडकी उघडली. मादाम जागच्या जागी उभी राहिली, हात तसाच शटरकडे केलेला.

आणि आता झेलीच्याच तोंडात ते नाव आलं. जिभेवर येऊन बसलं, पूर्ण, तयार. नुसतं तोंड उघडायचं की झालं, काका सुटला, सगळे सुटले. खिशात सुतळीचा तुकडा होता. तिने तो दातांत धरला आणि करकचून चावला. तूसुद्धा, असं ह्या वेळी त्याला म्हणावं लागणार नव्हतं, मग दात पडले तरी चालतील.

किती वेळ गेला कोण जाणे. कडेवरच्या एका पोराने विचारलं, "आई, काका काय करतोय?" आणि आई म्हणाली, "थांब. तो सांगतोय."

काकाने डोळे उघडले. खांदे खाली आले.

"बार्थेलेमी," तो म्हणाला.

मोठ्याने नाही. काउंटरवर कोणी नाव विचारलं की आपण सांगतो, तेवढ्याच आवाजात. मग थोडा थांबून, "रुमियू." ते कधीच अडत नव्हतं.

कोणी टाळी वाजवली नाही. टाळी वाजवायची असते हे विसरलेच सगळे. ऑनोरेने टोपी काढली, दोन पावलं पुढे आला आणि हात पुढे केला. वीस वर्षं एकाच गेटमधून दोघं आत येतात.

"मी ऑनोरे," तो म्हणाला.

काकाने हात मिळवला.

"मग परत बाजारात आलास की काय हाक मारू?"

"पू—पूर्ण."

"लांब आहे रे फार."

"घा—घाई काय आहे?"

मग मात्र रांगेतून हसू फुटलं आणि टाळ्या आल्या, वरून डॉक्टरनेही वाजवल्या. काका उन्हात डोळे बारीक करून उभा, जणू कोणा दुसऱ्यासाठीच वाजवताहेत.

मादाम झेलीसमोर आली. तिचे डोळे ओले होते, आणि त्यामुळे ती जास्तच भडकली होती.

"उद्यापासून यायचं नाही. वेळ गेली तुमची. पडदा फाडलास तू माझा."

"शिवून देईन."

"आणि साखळीला आता कुलूप!"

"लावा," झेली म्हणाली. "आम्ही बाहेरच आहोत."

लुबँ टोप हातात घेऊन घामाघूम झाला होता. "आमची वेळ खाल्लीत तुम्ही! मादाम म्हणते आमचं शेवटचं गाणं कापा. शेवटचंच गाणं! सगळं नाटक त्यावर उभं आहे!"

"काप मग," झेली म्हणाली. "बघ कसं वाटतं."

त्याने टोप डोक्यावर चढवला. सोफा उचलायला गेला. जाताना झेलीने शटरची साखळी त्याच्यापुढे धरली. "शेवटी लाईट गेली तर," ती म्हणाली. त्याने ती घेतली नाही, पण ढकललीही नाही.

दोघांनी खोकी हातगाडीवर घातली आणि निघाली. कोपऱ्यावर बेकरीसमोरच्या पाईपला त्यांचं पोस्टर होतं. झेलीने जाड पेन काढला, 'पिस्टन' हा शब्द खोडला नाही, त्याच्या पुढे लिहिलं: 'च्या बाहेर, उन्हात. वेळ तीच.' अक्षर वाकडं आलं. येऊ दे.

"पोलीस आले तर?" तिने विचारलं.

"ना—नाव विचारतील," काका येणाऱ्याजाणाऱ्यांसमोरच म्हणाला. "सां—सांगेन. त्यांना वे—वेळ असेल तर."

मग तो म्हणाला, पाव आणतो, आणि बेकरीत शिरला.

झेली सुतळी आवळत होती. काचेतून तिला दिसलं, काउंटरवरच्या मुलीने काकाला बघताच सवयीने हात फिसेलकडे नेला. काकाने हात वर केला. नाही. मुलगी थांबली. काकाच्या मानेची शीर फुगली. मागे एक बाई येऊन उभी राहिली, मग कुत्रं घेतलेला एक म्हातारा, मग मिरवणुकीतले दोन पोरगे चेहऱ्याला रंग फासलेले. म्हाताऱ्याने घड्याळात बघितलं. एकाने मान उंच करून पुढे काय अडलंय ते पाहिलं.

झेली आत गेली नाही. तिने काकाने शिकवलेली ताडपत्रीची गाठ मारली, ओढून बघितली, आणि पुन्हा आत पाहिलं. रांग दारापर्यंत आली होती.

वाढू दे.